नेवेना तोंड उघडत नाही

डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात नवराबायकोचं भांडण त्या दोघांआधी शेजाऱ्यांना कळतं. अशा गावात नेवेना झ्लातेवा समुपदेशन करायची. नगरपालिकेच्या खोलीत लोक तिच्यापाशी रडून मोकळे व्हायचे, पण तिथला शब्द कधी बाहेर आला नाही.

नगराध्यक्ष स्तोयल यांची बायको रोसित्सा हिने घटस्फोटाचा दावा लावला. ती नेवेनाकडे जाते, असं गावात बोललं जायचं. स्तोयलना मुलीचा ताबा हवा होता. राकिया दारूची बाटली घेऊन ते नेवेनाच्या दारात आले. मी शेजारच्या अंगणात मिरच्या भाजत होते.

"नेवेनाताई, रोसित्सा काय काय बोलली तेवढं सांग. डोकं ठिकाणावर नाही तिचं."

"माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, तेही मी सांगत नाही."

"खोली कुणाची आहे, विसरलीस?"

"खोली तुमची, कान माझे. बाटली घेऊन जा साहेब, वाटेत तहान लागेल."

मग तिला कोर्टाचं समन्स आलं. आम्ही सगळे ऐकायला गेलो. स्तोयलचा वकील खवचटपणे म्हणाला, "एका कोळ्याच्या नातवासाठी तुम्ही स्वतःच पोलिसांत गेला होतात. तेव्हा कुठे गेली होती गुप्तता?"

"त्या घराबद्दल पोलिसांना विचारा. पण लेकराच्या जिवावर बेततं तेव्हा कायदा मला बोलायला लावतो. तेव्हा मी समन्सची वाट बघत बसत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत हे सांगते. तुमच्या अशिलाची सोय व्हावी म्हणून बोलावं, असं कुठल्या कायद्यात आहे?"

न्यायाधीश म्हणाले, "बाई, दंड होईल."

"करा साहेब. त्याने माझं तोंड उघडणार नाही."

दंड झाला. लगोलग खोलीचं कुलूपही बदललं. बाजारात बायका टोमणे मारायच्या, "हिच्या हट्टापायी खोली गेली!" नेवेनाने स्वयंपाकघरात दोन खुर्च्या मांडल्या, माझ्या बाजूच्या भिंतीला जाड गालिचा ठोकला आणि वर रेडिओ लावला.

"हे माझ्यासाठी का गं?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच."

तिने अपील केलं. वरच्या कोर्टाने दंड रद्द केला. शाळेतल्या बाईंची आणि डॉक्टरांची साक्ष होऊन मुलगी आईकडेच राहिली. खोली मात्र अजून परत मिळालेली नाही, आणि नेवेना ती मागायलाही गेलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मीही त्या खुर्चीवर बसून आले. काय बोलले ते मी सांगणार नाही. हिंमत असेल तर तिला विचारून बघा.