अक्कांचा शिक्का

आमच्या महिला कॉलेजच्या ऑफिसातल्या अक्का कामाला चोख. बसपासचा फॉर्म पुढं आला, की शिक्का पडलाच. पण कुणी कॉलेजातून मुलीचं नाव काढायला आलं, की तोच शिक्का हरवायचा. मला, ग्रंथपालाला, हा गबाळेपणा खटकायचा.

लढाई पेटली तेव्हा संतपूरचे एक अप्पा आले. थोरला मुलगा फौजेत, सीमेवर; लेक आमच्या कॉलेजात. "घरी तिची आई जेवंना झाली. पोरगी आता घरीच राहू द्या. दाखला द्या."

"शिक्का सापडंना झालाय, अप्पा. सोमवारी या."

ते तीन सोमवार आले. मग लढाई थांबली. चौथ्या सोमवारी लेक एकटीच आली, परीक्षेचा फॉर्म घेऊन.

"उशीर कामून केलीस गं?" म्हणत अक्कांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून शिक्का काढला.