टिकणारी मुलगी

"पोरं टिकत नाहीत म्हणता? ही बघा, ही टिकली." कामगार का सोडून जातात ते बघायला आलेल्या सल्लागार बाईंना साहेबांनी सांगितलं आणि बोट माझ्याकडे केलं. "बाप दम्यानं घरी बसलाय. मानखुर्दला भाड्याची खोली. वर आपल्यातली पण नाही. ही कुठं जाणार?"

सगळे हसले. बाईसुद्धा. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही मशीनचे सुटे भाग तपासतो, पॅक करतो. 'आपल्यातली' म्हणजे काय, ते आम्हा बौद्धांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण आता तोंड उघडलं तर आजच घरी, या भीतीनं मी मान खाली घातली.

साहेबांना हे सगळं कुठून कळलं? मीच सांगितलेलं, मुलाखतीत. किती मायेनं विचारलं होतं त्यांनी! घरी कमावणारं कोण, पप्पांच्या औषधाचं कसं भागतं. वाटलं, काय काळजी करणारा माणूस आहे. काळजी कसली डोंबलाची! अडलेली आहे का, ते बघत होते.

तेव्हापासून भीतच आलेय. ताप असला तरी कामावर. साहेबांनी हाक मारली की हातातलं टाकून पळत. मैत्रीण विचारायची, "का गं, इतकी वर्षं एकाच ठिकाणी?" मी म्हणायचे, "माणसं चांगली आहेत यार." साफ खोटं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "नवीन मुलगी घ्यायचीय. तू सोबत बस. बाईमाणूस असलं की पोरी मोकळं बोलतात. घरचं विचार. अडलेली असेल तर घेऊ. अडलेली टिकते."

मुलगी आली. घाटकोपरची, आयटीआय केलेली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. साहेबांनी मला मानेनं खूण केली. पप्पांची धाप कानात वाजायला लागली. विचार ना बाई, एक प्रश्न तर आहे, सुटशील.

मी तिच्याकडे वळले. "घरचं काही सांगू नकोस गं. काम काय येतं, तेवढंच सांग."

साहेब उभे राहिले. "डोकं फिरलंय का तुझं? बाहेर हो!"

"होते. पण हिला ते विचारू नका. मला विचारलंत, तेवढं बस झालं."

बाहेर येऊन मोरीत उलटी केली. उद्या मला आत घेतील की नाही, माहीत नाही. पप्पांना काय सांगू, तेही सुचत नाही. जीव अजून थाऱ्यावर नाही. भीती गेली वगैरे काही नाही, उलट वाढलीय. पण काढायचं तर काढू देत. पोरी अडकवायला माझं तोंड मिळणार नाही.