झपाटून खणलेली विहीर

आमच्या शाळेत दरवर्षी कुणीतरी पाहुणा येतो आणि पोरांना सांगतो, झपाटून अभ्यास करा. मी मराठी शिकवते, माझं डोकंच फिरतं. अहो, झपाटणं म्हणजे मुळात झडप घालून धरणं. घार पिल्लाला धरते, भूत माणसाला. धरलेल्याचं भलं व्हावं म्हणून कुणी धरत नाही. उत्साहाचा अर्थ मागाहून चिकटला.

माझा थोरला भाऊ शिरूरजवळ राहतो. दरसाल तो आणि वहिनी ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. यंदा वहिनीला पोरीला मागं ठेवून जायचं नव्हतं. भाऊ म्हणाला, "रानात विहीर खणून पाणी काढतो. मग कारखान्याचं तोंड बघायचं न्हाई." आणि एकटाच खणायला लागला. झपाटलाय गडी, म्हणून गावानं लई कौतुक केलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले, तर जेवताना तो घास हातात धरून विहिरीकडं कान लावायचा. हाक मारली की माझ्या मागं कुणीतरी उभं असल्यासारखा बघायचा. मला भुतंखेतं पटत नाहीत. तरी सख्ख्या भावाची भीती वाटली. आईनं मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या, घरात धूर भरला, पण कुणालाच ठसका लागला नाही. ठसका आला नाही म्हणजे बाधा जबर, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी पाणी लागलं, चांगलं गुडघाभर. वहिनीनं नारळ फोडला. हसता हसता रडली. "आवं, या की वर आता," म्हणाली.

भाऊ वर आला. पाण्याकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. बांधापलीकडं गेला, जमिनीला कान लावला आणि कुदळ मारली.

"आता आन् कशापायी?" वहिनीनं विचारलं.

"हितून बोलावतंय."

तिनं त्याचा हात धरला, पाया पडली, पोरीला पुढं उभं केलं. तो पोरीला चुकवून बाजूला कुदळ घालत राहिला. विहिरीत पाणी चढत होतं आणि रान पेरायला माणूस नव्हता.

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला तेव्हा वहिनीनं पोरीला आईच्या हवाली केलं आणि एकटीच चढली. मुकादम म्हणाला, "जोडी कुठंय?" तिनं शेताकडं हात केला. कुदळीचा आवाज येत होता. मुकादमानं जरा वेळ ऐकलं आणि तिला अर्धा कोयता धरलं.