रुमाल कोण धरणार

फळबाजारात नासलेला माल रोज बाहेर निघतो. किस्से निघत नाहीत. ते गाळ्यातच साचत राहतात, आणि एक काढला की त्याच्या खालून दुसरा निघतो. परवा खारघरच्या एका कॉलेजातून फोन आला. बदलत्या जगात धंद्याचं नेतृत्व कसं करावं, यावर मुलांपुढे बोला म्हणाले. मी चौथी शिकलोय. भाषण करत नाही. म्हटलं, किस्से सांगतो, चालतील तर बघा. ते म्हणाले, चालतील. तर हे ते किस्से.

वाशीच्या घाऊक बाजारात माझा आंब्याचा गाळा आहे. जुन्नरकडून हमाल म्हणून आलो आणि गाळ्याचा मालक झालो. कोणाच्या मेहेरबानीवर नाही. आता गुडघे गेले. मुलगा बंगळूरला असतो, त्याला आंबा फक्त खायला आवडतो. शेजारच्या गाळ्याचे तुकारामशेठ भेटले की एकच विचारतात, "बबनशेठ, गाळा कधी देताय?"

मुलगी वैशाली ऐरोलीला एका कंपनीत मॅनेजर होती. ती नोकरी सोडून आली आणि म्हणाली, "बाबा, गाळा मी चालवते."

तुकारामशेठना सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरगी सगळं करेल. रुमाल कोण धरणार?"

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे आंब्याचा भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. तो दोघांनाच कळतो. बाजूला उभ्या माणसाला कळत नाही, आणि त्याने विचारायचंही नसतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच टिकलाय.

आता रुमालाखाली बाईमाणसाचा हात कोण धरणार? आमच्या ओळीत कोणी धरला नव्हता. आणि ज्याचा हात रुमालाखाली जात नाही त्याला बाजार शेठ म्हणत नाही. म्हणून ठरवलं, एक हंगाम बघायचं. बाजाराने तिचा हात धरला तर गाळा तिचा. नाही धरला तर तुकारामशेठचा. तोवर रुमाल मी धरणार, गुडघे काहीही म्हणोत.

* * *

पहिल्याच आठवड्यात वैशालीने मीटिंग लावली. भाड्याने प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. हमाल येऊन खुर्च्यांच्या मागे उभे राहिले. आमचा हमाल पेटीवर बसतो, गोणीवर बसतो, खुर्चीवर बसत नाही. खुर्ची गिऱ्हाइकाची.

ती म्हणाली, "तुमच्या अडचणी मोकळेपणाने सांगा."

हमाल गाडीकडे बघायला लागले. शेवटी आमचा मुकादम शिवराम, साताऱ्याकडचा, म्हणाला, "ताई, सांगू का? गाडी हुबी हाय. ती खाली व्हायची हाय, आन् आमी समदे हितं हाय. हीच अडचण."

खुर्च्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी ती गाडीपाशी उभी राहिली. पेट्या उतरत होत्या, आणि ही येताजाता एकेकाशी बोलत होती. तेव्हा कळलं की गाळ्यापुढच्या गटाराचं झाकण तुटलंय आणि हातगाडीचं चाक त्यात अडकतं. मला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं वळसा घालून जात होतो. तिने दुपारपर्यंत नवीन झाकण बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हमालांनी पुन्हा वळसाच घातला.

"शिवराममामा, झाकण बसवलंय," ती म्हणाली.

"व्हय ताई, बघितलं की. झ्याक बसलंय," शिवराम म्हणाला आणि वळसा घालून गेला.

मग ती स्वतः जाऊन झाकणावर उभी राहिली. तर तिला वळसा घालायला लागले. शेवटी तिने एक रिकामी हातगाडी घेतली आणि सगळ्यांसमोर झाकणावरून ओढत नेली. त्यानंतर एकेक जण सरळ यायला लागला.

मी अजून वळसा घालतो. गुडघ्यांना तोच रस्ता माहीत आहे.

* * *

खारघरला आमच्या सोसायटीच्या गेटवर एका रविवारी टेम्पो लागला. कोकणातला बागवाला. 'थेट बागेतून तुमच्या दारात' असा बोर्ड. हल्ली असे टेम्पो फार झालेत. ते जेवढे वाढतात तेवढ्या आमच्या गाड्या कमी होतात. मी बघायला खाली उतरलो. लाइनीत आमची ही उभी. हातात पिशवी.

म्हटलं, "आंब्याच्या व्यापाऱ्याची बायको तू. इथे लाइन लावतेस?"

"अहो, तुम्ही घरी आणता ते गिऱ्हाइकांनी टाकलेलं," ती म्हणाली. "संसार झाला सगळा, पण गाळ्यावरची चांगली पेटी या घराने बघितली नाही."

बिल्डिंगमधल्या बायका ऐकत होत्या. मी लिफ्टकडे वळलो.

संध्याकाळी वैशालीला सांगितलं. वाटलं, आईला समजावेल. ती म्हणाली, "आईला कशाला समजवायचं? गिऱ्हाईक खरं का जातं हे सांगायला आमची कंपनी बाहेरून माणसं बोलवायची. तुम्हाला घरात कळलं."

मग तिने त्या टेम्पोवाल्याला फोन केला. टेम्पो का लावतोस, असं विचारलं नाही. संध्याकाळी उरतो तो माल कुठे नेतोस, असं विचारलं. आता तो उरलेला माल आमच्या गाळ्यावर येतो.

* * *

बापू आमचा सगळ्यात जुना बागवाला, देवगडकडचा. त्याची पेटी मी डोळे मिटून विकत आलो. पेटीचा वरचा थर सजवलेला असतो. खालच्या थरात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

वैशालीने एका सकाळी बापूची पेटी उघडली, वरचा थर काढून बाजूला ठेवला, खालच्या थराचा व्हिडिओ काढला आणि गिऱ्हाइकांना पाठवून दिला. पुण्या-नाशिकहून लगेच फोन आले. नंतर बापूचा आला.

"बबन, तुझ्या चेडवान माझो खालचो थर सगळ्या जगाक दाखवल्यान! आता माझी पेटी तुका मिळाची नाय."

पेट्या बंद झाल्या. तुकारामशेठ येऊन चहा पिऊन गेले. चहा सावकाश प्यायले.

मी बापूला फोन करणार होतो. वैशाली म्हणाली, "बाबा, तुम्ही फोन केलात तर मग तुम्हीच चालवा." मी फोन खाली ठेवला. ओरडणं मला येतं. गप्प बसणं मी त्या हंगामात शिकलो, आणि ते जास्त जड आहे.

तिने स्वतः फोन केला. रोज सकाळी करायची. पेटी मागायची नाही, माफीही नाही. बाजार कसा आहे, किती गाड्या आल्या, फळ कसं दिसतंय, एवढं सांगायचं आणि ठेवायचा. बापू पलीकडून हूं की चूं करायचा नाही. पण फोन उचलायचा.

एक दिवस गाडी आली, आणि ड्रायव्हरच्या शेजारी बापू स्वतः बसलेला. उतरला, माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या हाताने पेटी फोडली, वरचा थर उचलून बाजूला केला आणि वैशालीला म्हणाला, "काढ तुझो व्हिडिओ. आधी खालचो."

* * *

सगळंच जमलं असं नाही. तिने एकदा भावाचा फळा लावला. मॉलमध्ये असतो तसा. पेटीचा भाव लिहिलेला, सगळ्यांना एकच. म्हणजे रुमालाची गरजच नाही.

गिऱ्हाइकं आली, फळा वाचला आणि पुढच्या गाळ्यावर गेली. तिकडे त्यांनी घासाघीस करून आमच्याहून जास्त भावाने माल घेतला आणि खुशीत गेली. वैशालीला हे समजेना.

करीमभाई भेंडीबाजाराकडचे, माझे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. खांद्यावर कायम रुमाल. ते फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "बेटी, लिखा हुआ भाव तो मेरे घर में भी कोई नहीं मानता."

फळा उतरला. आता त्यावर हमालांच्या चहाचा हिशोब असतो. तोही कोणी मानत नाही.

* * *

मग तिने फोनवर आकडा टाकून दाखवायला सुरुवात केली. हात धरायला नको, बाजूच्याला कळायला नको. ऐकायला बरं होतं.

पहिले गिऱ्हाईक करीमभाईच. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा कपाळावर होता, तो सापडेना. शेवटी दिसला एकदाचा आकडा. माणूस भाबडा. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

सगळ्या ओळीने ऐकला. तुकारामशेठ पलीकडून म्हणाले, "बबनशेठ, पोरीने भोंगा घेतला वाटतं."

मी रुमाल घेऊन पुन्हा उभा राहिलो. हंगाम अर्धा उलटला होता.

* * *

एका सकाळी मला गुडघ्यांसाठी हॉस्पिटलात जायचं होतं. वैशालीला सांगितलं, मी येईपर्यंत मोठा सौदा करू नको. परत आलो तर गाळ्यापुढे गर्दी. वाटलं, भांडण झालं. तुकारामशेठ टाचा उंच करून बघत होते. करीमभाई बाहेर हाताची घडी घालून उभे. खांद्यावर रुमाल नाही.

रुमाल आत होता. त्याच्याखाली दोन हात होते. एक वैशालीचा. दुसरा कोणा पोरीचा, डोक्यावर ओढणी, वय आमच्या पोरीएवढंच.

"ये कौन?" मी विचारलं.

"शबाना. मेरी बेटी. दुकान अब वही देखती है," करीमभाई म्हणाले. "बबनशेठ, तुम्हारी बेटी का हाथ बाजार में कोई नहीं पकड़ता. मेरी का भी नहीं पकड़ता. मैंने बोला, एक-दूसरे का तो पकड़ो."

सौदा लांबला. आम्ही दोघं बाप मान लांब करून बघत होतो. रुमालावरून काय दिसणार? एकदा शबानाने मान हलवली. एकदा वैशाली हसली. मग रुमाल निघाला आणि पेट्या उचलायला सुरुवात झाली.

करीमभाईंनी पोरीला विचारलं, "कितने में लिया?"

"अब्बा, बाहर नहीं बोलते. आपने ही तो सिखाया," ती म्हणाली.

मी वैशालीकडे बघितलं. तिने रुमाल झटकला, घडी घातली आणि करीमभाईंना परत दिला. माझ्याकडे बघितलंच नाही.

तुकारामशेठ जाता जाता बोलून गेले, "बायकांचं बायकांशी जमलं. चांगलं झालं. बाकी बाजार पुरुषांचा आहे, बबनशेठ."

ते खोटं बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुरुष गिऱ्हाइकं आली आणि माझ्याकडेच हात पुढे करून उभी राहिली.

* * *

हंगाम संपत आला. घरी ही म्हणाली, "यंदाही चांगली पेटी काही आली नाही." सकाळी बाजारात आलो, पण गाळ्यात चढलो नाही. गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे, खाली उभा राहिलो.

"बाबा, वर या ना," वैशाली म्हणाली.

"पेटी पाहिजे. बापूची, आज आलेल्या गाडीतली."

"मग घ्या की. शिवराममामा, एक पेटी काढा."

"घ्या की काय? भाव सांग." मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला.

शिवराम पेटी हातात घेऊन तसाच थांबला. शेजारच्या गाळ्यातला गलका बंद झाला. तुकारामशेठ बाहेर आले. माझ्या मागे गिऱ्हाइकं उभी होती, तीही पुढे सरकली.

वैशालीने माझ्याकडे बघितलं, मग रुमालाकडे. खाली वाकून हात धरला. तिच्या बोटांना आंब्याचा चीक लागून चामडी काळी पडली होती. हमाली करायचो तेव्हा माझी अशीच असायची.

तिने भाव सांगितला. मी बोटं दाबून खाली मागितला. तिने पहिलाच आकडा परत दिला. मी पुन्हा मागितला, थोडा वर येऊन. तिने हात काढून घ्यायला सुरुवात केली.

मी हात सोडला नाही. तिचा आकडा कबूल केला. पैसे दिले. तिने घेतले.

तुकारामशेठना राहवलं नाही. "बबनशेठ, पोरीने बापाला कितीला दिली?"

"तुकारामशेठ, तुम्ही रुमालाखालचं कधीपासून विचारायला लागलात?"

रुमाल खांद्यावर टाकायला गेलो, तर कोणीतरी तो हातातून ओढून घेतला. मागे वळून बघितलं. करीमभाई. वैशालीसमोर उभे राहून शर्टाची बाही वर सारत होते. त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं.

मी रिक्षा केली. पेटी मांडीवर घेऊन घरी आलो. हिने पेटी उघडली, वरचा थर काढला, खालचा बघितला, आणि त्यातला एक आंबा उचलून हुंगला. मग म्हणाली, "पोरीने काय भाव लावला हो तुम्हाला?"

म्हटलं, "आंबा काप."