चेंडूची दिशा आणि माझी घाई

मित्रांनो, आज सकाळी मी माझ्या मुलीला बरोबर उत्तर खोडायला लावलं.

अकरावीतल्या मुक्ताचा फिजिक्सचा पेपर होता. गाझियाबादहून मेट्रोत आम्ही बरोबरच निघतो. तिने वहीतलं एक गणित दाखवलं. चेंडू सेकंदाला दहा मीटर वेगाने भिंतीवर आपटतो आणि आठच्या वेगाने उलट परत येतो. भिंतीला तो एक दशांश सेकंद टेकतो. सरासरी त्वरण किती? तिने एकशेऐंशी काढलं होतं.

मी म्हणालो, "दहातून आठ गेले, दोन. उत्तर वीस."

"पण बाबा, दिशा बदलली ना. आधी दहा, नंतर उणे आठ. फरक अठराचा."

"यार, इंजिनियर मी आहे की तू?"

तिने ते खोडून वीस लिहिलं.

पेपरात तसंच गणित आलं. तिने ते माझ्या पद्धतीने सोडवलं.

संध्याकाळी घरी येऊन मी तिचं पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर होतं.

आमच्या घरात मराठीच चालते, हिंदी फक्त बाहेरच्यांशी. मी सॉरी म्हणालो, तर ती म्हणाली, "कोई बात नहीं, अंकल लोग भूल जाते हैं," आणि खोलीत गेली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालंय का? मुलं परत मराठीत कधी बोलायला लागली?