मशिनीला दिसलेला डाग

मोठी माय गेल्याचा निरोप पवनीहून आला, तेव्हा मी वर्गात फळा पुसत होतो... फळा अर्धाच राहिला. त्याला आता महिना झाला. नात्यानं ती माझी थोरली काकू. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तिचं पोट दुखायचं म्हणून नागपूरला सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी तिच्या पोटावर उजवीकडे बोट टेकवलं. "इथं, लिव्हरवर डाग आहे." कॅन्सर असू शकतो, सुई घालून तपासावं, तर रक्तस्रावाची भीती. मुंबईत चुंबकाचं नवं यंत्र आलंय, एम.आर.आय., तिथं न्या. मी डॉक्टरांना तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. मोठी माय मात्र हसली. आमच्याकडे पूर्वी लेकराचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्यानं पोटावर डाग देत. तिलाही तिच्या मायनं दिला होता. "तोच दिसला असन मशिनीले," ती म्हणाली. "तू काहून घाबरून राहिला, बापू?" रेल्वेतही ती तेच घोकत होती, आणि मी, विज्ञानाचा मास्तर, तिच्या त्या भाबड्या समजुतीला धरूनच मुंबईला पोचलो.

अंगावर धातू चालत नव्हता. जोडवी काढताना ती दोनदा थांबली. मग जोडवी माझ्या रुमालात बांधून ती यंत्राच्या बोगद्यात गेली. आतून ठकठक, ठकठक... बाहेर आली ती अर्धवट झोपेतच. "माहेरी गेली होती मी. माय पोहे कुटून राहिली होती, मी बाजूलेच निजली होती..."

फिल्मवर डाग दिव्यासारखा पांढरा उजळला होता. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर सहसा इतका उजळत नाही. ही रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे, हिला हात लावू नका. मी तिथंच रडलो.

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. मशिनीनं मायचा डाग ओळखला, असं गावभर सांगायची. मी कधी तिची चूक काढली नाही. त्यात मला उगाच माझा मोठेपणा वाटायचा.

परवा बायको बोलता बोलता म्हणाली, मोठ्या मायला शेवटची आंघोळ घालताना तो विळ्याचा डाग दिसला, बेंबीच्या डावीकडे. डावीकडे... डॉक्टरांचं बोट उजवीकडे होतं, आणि ते मोठ्या मायनंही पाहिलं होतं. आपला डाग कुठं आहे, हे तिला तेव्हाही ठाऊक होतंच.

ती फिल्म मोठ्या मायनंच एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला फुटक्या काचेच्या जागी लावली होती. अजून तिथंच आहे. सकाळी ऊन आलं की पांढरा डाग उजळतो, आणि मी चहाचा कप घेऊन नुसता उभा राहतो. तू काहून घाबरून राहिला, बापू?