पट्टी हिरवी, काच कोरी

ताईच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त काढण्यात आणि लघवी तपासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं, आणि खिडकीशी रिपोर्ट घ्यायला आलेला प्रत्येक जण आधी कागद नाही, तिचं तोंड वाचतो. म्हणून तिने तोंडच असं करून घेतलं की त्यावर काही उमटू नये. "डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. घरात तिला मख्ख म्हणतात. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती रिपोर्ट देत असल्यासारखी उभी आहे, असं तिचे वडील, अण्णा, येईल त्याला सांगत.

अण्णा घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून एका स्टुलावर बसलेला माणूस. बायको गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटेच राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती. कामावर जाता जाता ताई रोज वर डोकावून जाई. त्या सकाळी ती हात धुवायला बाथरूममध्ये गेली, तर कमोडमध्ये काळपट तपकिरी पाणी. अण्णांनी बाहेरूनच सांगून टाकलं, की उरलेला चहा ओतलाय. थाप मारावी तरी कोणापुढे? ताईने पिशवीतली तपासणीची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि ते मूग गिळून आत गेले. मग तिने त्यांचं रक्तही काढलं. एरवी सुई टोचताना तिला "कारागीर, हात चालवा जरा" म्हणून चिडवणारे अण्णा त्या दिवशी भिंतीकडे बघत बसले.

लॅबमध्ये आल्या आल्या तिने बाकीचं सगळं बाजूला सारलं. लघवीत पट्टी बुडवली. रक्त दाखवणारा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला. म्हातारा माणूस, लघवीला दुखत नाही आणि रक्त जातंय, अशांचं पुढे काय होतं ते तिने पुष्कळ पाहिलं होतं. कॅन्सर हा शब्द तिने मनात येऊ दिला नाही, तरी तो येऊन बसलाच. तिने लघवी मशीनमध्ये फिरवली, तळाचा गाळ काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पट्टी एवढी हिरवी म्हणजे तांबड्या पेशींची नुसती जत्रा दिसायला हवी. काचेवर एकही पेशी नव्हती. दुसरी काच केली, तीही कोरी.

आणि इथे तिने ती चूक केली, जी लॅबमधलाच माणूस करू शकतो. डबा उघडा राहिला की पट्ट्या खराब होतात, खोटा रंग दाखवतात, हे तिला माहीत होतं. तिने नवा डबा फोडला. पुन्हा हिरवी. मग तो डबाही खराबच म्हणायचा. दुसऱ्या कोणाची लघवी असती तर तिने लगेच लॅबच्या डॉक्टर मॅडमना बोलावलं असतं. वडिलांची होती, म्हणून कोऱ्या काचेवर विश्वास ठेवला आणि कागदावर 'रक्त नाही' लिहून मोकळी झाली. केवढं हलकं वाटलं तिला.

ते हलकेपण रक्ताचे आकडे येईपर्यंत टिकलं. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीला त्रास होतोय. आणि लिव्हरच्या तपासणीतला एसजीओटी कुठल्या कुठे गेलेला. तिने धाकट्या भावाला फोन लावला. तो लिव्हरचंच धरून बसला. अण्णा चोरून पितात का, असं त्याने विचारलं. अण्णांना खोकल्याचं औषधसुद्धा चढतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ताईने फोन ठेवला. ती कागद घेऊन मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि पट्टीबद्दल खरं काय ते सांगितलं.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं ताईला वाटलं.

"पट्टी खोटी नाही आणि काचही खोटी नाही," मॅडम म्हणाल्या. "लिव्हर असतं तर बिलिरुबिन वाढलं असतं, ते नॉर्मल आहे. रक्त असतं तर पेशी दिसल्या असत्या. एसजीओटी आणखी कुठून येतो, ताई?"

"स्नायूंतून."

"स्नायू फुटले की त्यांचा रंग लघवीत उतरतो. पट्टीला तो रक्तच वाटतो. सीपीके लावा."

सीपीके ही स्नायूंची तपासणी. आकडा मशीनच्या मोजमापाबाहेर गेला. मॅडमनी जागेवरूनच हॉस्पिटलला फोन केला. हाच रंग किडनीत अडकतो, आजच सलाईन सुरू व्हायला हवं, नाहीतर किडन्या बसतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वडील पडले होते का, कुठे अंगमेहनत केली का, हे विचारायलाही सांगितलं. बसून घड्याळं दुरुस्त करणारा माणूस कसली अंगमेहनत करणार, या विचारात ताई धावतच निघाली.

दुसऱ्या मजल्यावर शेजारीण दारात उभी होती. तिने ताईला थांबवून विचारलं, अण्णांची किल्ली सापडली का? चार दिवस सकाळ-संध्याकाळ पुन्हा पुन्हा जिना चढतायत, उतरतायत, कठडा धरून. विचारलं तर म्हणतात, किल्ली पडली.

वर अण्णा पलंगावर पडून होते. ताईने त्यांच्या मांडीवर हात ठेवून नुसतं दाबलं, तर त्यांनी दात आवळले.

"अण्णा, जिन्यात काय करत होतात?"

ते म्हणाले, "गेल्या रविवारी तुम्ही दोघं भावंडं स्वयंपाकघरात बोलत होतात. मी झोपलो नव्हतो. अण्णांना आता जिने जमत नाहीत, म्हणालात. घर विकू, म्हणालात."

"मग?"

"मग जमवत होतो."

त्या रविवारी बोलणं आपणच काढलं होतं, हे ताईला आठवलं. तिला एकदम लाज वाटली, आणि भीती तर होतीच.

हॉस्पिटलमध्ये सलाईनवर सलाईन लागलं. पुढचे दिवस ताईचा जीव टांगणीला. रोज ती त्यांचं रक्त आणि लघवीची बाटली लॅबमध्ये नेई, क्रिएटिनिनकडे डोळे लावून बसे. आधी ते आणखी वाढलं. डायलिसिसची गोष्ट निघाली. मग एका दुपारी ते जागीच थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी घसरलं. रंगही तपकिरीवरून पिवळ्यावर आला.

त्या सकाळची बाटली अण्णांनी स्वतःच खिडकीच्या उजेडात धरली, भिंगाशिवाय, एक डोळा मिटून. मग ते तिच्या तोंडाकडे बघू लागले, अगदी लॅबच्या खिडकीशी उभ्या माणसांसारखे. किडनीचं त्यांनी काही विचारलं नाही.

"घर ठेवताय का?" एवढंच विचारलं.

डॉक्टरांना विचारा, हे शब्द ताईच्या अगदी ओठांवर आले होते.

"पाय बरे झाले की," ती म्हणाली, "दिवसातून एकदा उतरायचं, एकदा चढायचं. मी बरोबर असताना."

अण्णांनी मान हलवली आणि बाटली तिच्या हातात दिली. मख्ख चेहऱ्याची ताई, हॉस्पिटलच्या भर वॉर्डात, वडिलांची लघवी छातीशी धरून रडत होती.